ठराव गावाने केला, बांगड्या मात्र फुटल्याच: समाजाची नीती पुढे सरकते तरी कशी?

पंचगंगाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. एका घरगुती प्रसंगाने मला गेले काही महिने अस्वस्थ केले आहे. त्यातून निघालेला प्रश्न माझ्या एकट्याच्या विचाराने सुटत नाही, म्हणून तो येथे सविस्तर मांडतो.

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड या गावाने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पती वारल्यावर पत्नीचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घ्यायची नाहीत, असा तो ठराव होता. राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला त्याच आठवड्यात शंभर वर्षे पूर्ण होत होती. १७ मे रोजी राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचे अनुकरण करायला सुचवले. त्यानंतर ज्या गावांनी असे ठराव केले, त्यांत आमचेही गाव होते. गावाचे नाव लिहीत नाही, कारण दोष एका गावाचा नाही. त्या ग्रामसभेला मी हजर होतो. ठराव वाचून दाखवला गेला, सूचक आणि अनुमोदकांची नावे लिहिली गेली, विरोधात एकही हात वर झाला नाही. पुढे तो ठराव शाळेच्या कुंपणभिंतीवर रंगवूनही घेतला गेला.

गेल्या मार्गशीर्षात माझे धाकटे चुलते वारले. तिरडी उचलण्याआधी माझ्या चुलतीला अंगणात पाटावर बसवले. तिचा मळवट भरला आणि लगेच ओल्या फडक्याने पुसला. बांगड्या फोडायला काहीतरी जड हवे म्हणून कोणीतरी आतून वरवंटा आणला. ज्या वरवंट्याने तिने या घरात चाळीस वर्षे चटणी वाटली, तोच तिच्या मनगटावर उतरला. काचेचा एक तुकडा कातडीत शिरला, तेव्हा ती पहिल्यांदा ओरडली. तोवर ती नुसती बघत होती. हे करणाऱ्या तिघी होत्या आणि तिघीही स्वतः विधवा होत्या. ग्रामसभेत ज्यांनी ठराव मांडला होता ते गृहस्थ उंबऱ्याजवळ उभे होते. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. आम्ही दोघेही गप्प राहिलो.

दिवसकार्य आटोपल्यावर मी एकेकाला बाजूला घेऊन विचारले. चुलतभाऊ म्हणाला, मला ते मुळीच नको होते, पण आत्यांना दुखवायचे नव्हते. आत्या म्हणाल्या, पोरगा काही बोलला नाही, तेव्हा त्याला रीत पाळायची असेल असे आम्हाला वाटले. ठराव मांडणारे म्हणाले, घरच्यांनीच हरकत घेतली नाही तर दुःखाच्या घरात आपण कोण बोलणार? म्हणजे ज्या दहा-पंधरा माणसांच्या समोर हे घडले, त्यांपैकी ते कोणालाच नको होते, आणि तरीही ते घडले.

माझा प्रश्न असा आहे. नीतीच्या बाबतीत समाज पुढे जातो असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय बदललेले असते? माणसाचे मन बदलते का? की मन जसेच्या तसे राहते, आणि कायदा, ठराव, भीती यांच्या दाबाने फक्त वागणे बदलते? आणि मन आधीच बदललेले असूनही वागणे बदलत नसेल, तर अडथळा माणसाच्या स्वभावात आहे की समाजाच्या घडणीत?

दप्तरखाना यांचा प्रतिसाद

आपण सांगितलेला प्रसंग वाचून वाईट वाटले, पण आश्चर्य वाटले नाही. याच प्रश्नावर महाराष्ट्राने दीडशे वर्षांपूर्वी फार मोठी किंमत मोजली आहे आणि त्या इतिहासात आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर सापडते, असे मला वाटते.

विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला. कायद्याने परवानगी दिली म्हणून विवाह होऊ लागले, असे मात्र झाले नाही. विष्णुशास्त्री पंडित यांनी १८६५ मध्ये पुनर्विवाहोत्तेजक मंडळ स्थापन केले, १८६९ मध्ये मुंबईत एक पुनर्विवाह घडवून आणला, आणि लगेच बहिष्काराचे सत्र सुरू झाले. १८७० साली पुण्यात शंकराचार्यांसमोर शास्त्रार्थ झाला आणि निर्णय सुधारकांच्या विरोधात गेला. कायदा होऊन चौदा वर्षे झाली होती, तरी ज्या न्यायासनाला लोक मानत होते ते सरकारचे नव्हते, जातीचे होते.

याच काळातली एक गोष्ट मला आपल्या उंबऱ्यावरच्या प्रसंगासारखी वाटते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुनर्विवाहाचे खंदे पुरस्कर्ते होते. १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली, तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. त्यांनी विधवेशी विवाह करावा अशी त्यांच्या मित्रांची अपेक्षा होती. वडिलांनी घाईने अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांचे लग्न ठरवले आणि रानड्यांनी ते मान्य केले. त्यांच्या मताबद्दल शंका घेता येत नाही, बुद्धीबद्दल तर नाहीच. वडिलांचे मन मोडण्याची ताकद त्या घडीला त्यांच्यात नव्हती, एवढेच. पुढे त्यांनी त्याच मुलीला, म्हणजे रमाबाईंना, घरातल्या बायकांचा रोष पत्करून शिकवले आणि त्या रमाबाईंनी पुण्याच्या सेवासदनातून शेकडो स्त्रियांना उभे केले. त्यामुळे रानड्यांचा न्याय करायला मी धजत नाही. एवढेच म्हणतो, की मत बदलणे आणि त्या मतासाठी आपल्याच माणसांसमोर उभे राहणे यांत फार मोठे अंतर असते आणि ते अंतर चांगल्या माणसालाही अनेकदा ओलांडता येत नाही.

धोंडो केशव कर्वे यांनी ते ओलांडले. त्यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंशी विवाह केला. गोदूबाई बालविधवा होत्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकत होत्या. कर्वे पत्नीसह आपल्या गावी, कोकणातल्या मुरुडला गेले तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि त्याची झळ त्यांच्या घरच्यांनाही लागली. समाज शिक्षा देतो ती अशी. नियम मोडणाऱ्यापेक्षा त्याच्या आईला जास्त लागेल अशी. त्यानंतर कर्व्यांनी जे केले त्याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. त्याच वर्षी त्यांनी विधवा विवाहोत्तेजक मंडळी सुरू केली होती. १८९५ मध्ये त्यांनी तिचे नाव बदलून विधवा विवाह प्रतिबंध निवारक मंडळी असे केले. उत्तेजन देणे सोडून प्रतिबंध दूर करणे हे काम त्यांनी हाती घेतले. विवाह करा असा उपदेश करण्यापेक्षा, जो करील त्याच्या वाटेतले अडथळे काढणे हे काम जास्त खरे आहे, असे त्यांना अनुभवाने उमगले असावे, असा माझा तर्क आहे. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि पुढचे सारे आयुष्य शिक्षणाला दिले. हातात विद्या आणि चार पैसे असलेल्या बाईला बहिष्काराची भीती घालणे अवघड जाते.

आपण विचारता की मन बदलते की वागणे. माझे उत्तर असे की काही थोड्यांचे मन बदलते, त्यांतल्या फारच थोड्यांचे वागणे बदलते, आणि त्या फारच थोड्यांनी पुढच्यांसाठी किंमत कमी करून ठेवली तरच बाकीचे येतात.

माळावरची शाळा यांचा प्रतिसाद

मी अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झाले. माझे वय अडुसष्ट आहे. तुमचा मजकूर मी दोनदा वाचला, आणि ज्या तीन बायकांबद्दल तुम्ही लिहिले आहे त्यांच्या बाजूने कोणीतरी बोलले पाहिजे असे वाटले, म्हणून लिहिते आहे.

मी त्यांच्यातलीच एक आहे. माझे पती गेले तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. माझ्या बांगड्या माझ्या सासूच्या बहिणीने फोडल्या. त्यानंतरच्या वीस वर्षांत मी स्वतः दोघींच्या फोडल्या. त्यांतली एक माझी सख्खी जाऊ होती.

तुम्ही विचाराल, स्वतः भोगलेले असताना दुसरीला तेच का दिलेत? मी या प्रश्नाचा पुष्कळ विचार केला आहे. पहिले कारण सांगायला जड जाते, पण ते खरे आहे. विधवा बाईला कुठल्याही शुभकार्यात पुढे बोलावत नाहीत. बारशाला ती पाळण्यापासून लांब बसते, लग्नात तिने हळदीला हात लावायचा नसतो, संक्रांतीला तिच्या दारावरून वाण घेतलेल्या बायका पुढे निघून जातात. या एकाच प्रसंगी घरातली माणसे तिला शोधत येतात आणि म्हणतात, तुम्ही या, तुम्हालाच हे करायचे आहे. त्या दिवशी तिचा शब्द चालतो. ज्याला कुठेही मान नाही, त्याला मिळालेला तेवढासा मान सोडवत नाही.

दुसरे कारण याहून खोल आहे. माझ्या जावेच्या हातातली शेवटची बांगडी फुटेना, तेव्हा क्षणभर मनात आले की राहू दे, कोण बघते आहे. त्याच क्षणी दुसरा विचार आला, की ही एक बांगडी राहिली तरी चालते असे असेल, तर माझ्या का फोडल्या? मी वीस वर्षे पांढऱ्या कपाळाने काढली ती कशासाठी? हे सारे अनावश्यक होते असे मान्य केले असते तर माझे गेलेले दिवस कोणी परत आणून देणार नव्हते. म्हणून मी जोर केला आणि ती बांगडी फोडली. तुमच्या चुलतीजवळच्या त्या तिघींच्या हातात क्रौर्य होते असे तुम्हाला वाटले असेल. मला त्यांच्या हातात स्वतःच्या आयुष्याचा हिशेब दिसतो.

हेरवाडचे मी मनापासून अभिनंदन करते, पण एक शंका आहे. तुमच्या गावाने ठराव केला तेव्हा गावातल्या विधवांना व्यासपीठावर बसवले होते का? त्यांना कोणी विचारले होते का, की तुमचे जे झाले ते चुकीचे झाले, याबद्दल गाव तुमची क्षमा मागते? पुढच्या बाईचे वाचवायचे असेल तर मागच्या बाईला आधी हळदीकुंकवाला बोलवा. तिला दुसरीकडे मान मिळाला की वरवंटा हातात घ्यायला ती उठणार नाही. आणि ज्या बाईला कुंकू लावायचे नसेल तिच्यावर त्याचीही सक्ती नको. कोणी लावावे आणि कोणी लावू नये, हे तिच्याखेरीज इतरांनी ठरवणे हाच मूळ दोष आहे.

उंबरठा यांचा प्रतिसाद

माळावरची शाळा, ताई, तुमचे लिहिणे वाचून थोडा वेळ काहीच सुचले नाही. मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. दुःख व्यर्थ गेले असे मान्य करता येत नाही म्हणून माणूस त्याला अर्थ चिकटवतो, हे आम्ही वर्गात सिद्धान्त म्हणून शिकवतो. तुम्ही ते एका बांगडीत दाखवलेत.

पंचगंगाकाठ, तुमच्या प्रसंगात मला दुसरी एक गोष्ट ठळक दिसते आणि तिच्यातच आशाही आहे. कोणालाच नको असलेली गोष्ट सर्वांनी मिळून केली, याचे कारण प्रत्येकाने इतरांच्या मौनाचा अर्थ संमती असा लावला. स्वतःचे मौन भिडेचे आहे हे प्रत्येकाला ठाऊक होते, पण समोरच्याचे मौनही भिडेचेच असेल हे कोणाच्या मनात आले नाही. माणूस एकटा असताना न्याय काय हे बऱ्यापैकी ओळखतो. चारचौघांत मात्र तो आधी इतरांचे चेहरे वाचतो. हा स्वभाव काढून टाकता येण्यासारखा नाही, आणि तो केवळ दुबळेपणाही नाही, कारण माणसे एकमेकांकडे बघून वागतात म्हणूनच समाज नावाची गोष्ट टिकते. याच स्वभावामुळे वाईट रीत लोकांच्या मनातून उतरल्यावरही कितीतरी वर्षे चालू राहते. पण मग ती मोडते तेव्हाही याच स्वभावामुळे झपाट्याने मोडते.

चीनमधील मुलींचे पाय बांधण्याच्या प्रथेचे उदाहरण येथे देण्यासारखे आहे. ती सुमारे हजार वर्षे चालली. पाच-सहा वर्षांच्या मुलीची पावले दुमडून घट्ट पट्ट्यांनी बांधायची, म्हणजे ती वाढत नाहीत. त्यात हाडे मोडत आणि कधी जखमा चिघळून मुली दगावतही. आयांना हे कळत नव्हते असे नाही. त्यांचे स्वतःचे पाय तसेच होते. परंतु मोठ्या पायांच्या मुलीला चांगले स्थळ मिळणार नाही, ही भीती खरी होती, त्यामुळे एकट्या आईने दया दाखवणे म्हणजे मुलीचे नुकसान करणे ठरत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे ज्या संस्था निघाल्या त्यांनी सभासदांकडून दोन शपथा एकत्र घेतल्या: आमच्या मुलींचे पाय आम्ही बांधणार नाही, आणि पाय बांधलेली सून आमच्या मुलांना करणार नाही. दुसऱ्या शपथेत सारे मर्म आहे. पहिल्या शपथेने मुलीला जो तोटा होणार होता, तो दुसरीने भरून काढला. १९१२ मध्ये प्रजासत्ताकाने प्रथेवर बंदी घातली. दुर्गम भागांत ती पुढेही काही दशके राहिली, पण अनेक शहरांत एका पिढीत ती नाहीशी झाली. त्या एका पिढीत चिनी माणसाचा स्वभाव बदलला असे म्हणता येणार नाही. आपल्यासारखेच इतरही आहेत, हे लोकांना एकमेकांच्या तोंडून समजले, हाच मोठा बदल.

तुमच्या ग्रामसभेत विरोधात एकही हात वर झाला नाही, तरी तसा बदल तुमच्या अंगणात घडला नाही. माझ्या मते याचे कारण असे की तो ठराव गावाने गावासाठी केला होता, आणि तो प्रसंग मात्र भावकीचा होता. मृत्यूच्या दारात माणूस ग्रामपंचायतीकडे बघत नाही, तो आत्याकडे आणि चुलत्याकडे बघतो.

सातबारा यांचा प्रतिसाद

वरील सर्व प्रतिसाद मी आदराने वाचले, तरी मला काही अंशी असहमती नोंदवायची आहे. महसूल खात्यात माझी तीस वर्षे गेली. भीड, मौन, मान हे सारे खरे आहे, पण या चर्चेत जमिनीचा उल्लेख अजून कोणीच केलेला नाही.

नवरा वारल्यावर वारसनोंदीचा अर्ज येतो. त्यासोबत किंवा पाठोपाठ पुष्कळदा विधवेचे हक्कसोडपत्र येते. कधी मुलांच्या नावे, कधी दिरांच्या. मी समोर बसलेल्या बाईला विचारत असे, की यात काय लिहिले आहे ते तुम्हाला वाचून दाखवले आहे का? ती पदर पुढे ओढून घेई आणि सोबत आलेल्या पुरुषाकडे बघे. जिला पंधरा दिवसांपूर्वी साऱ्या गावासमोर सांगितले गेले आहे की आता तुझे म्हणून काही उरले नाही, तिचा अंगठा कागदावर घेणे सोपे जाते. कुंकू पुसण्याचा आणि सातबाऱ्यावरून नाव कमी होण्याचा संबंध मी माझ्या टेबलावर बसून पाहिला आहे.

दप्तरखाना यांनी १८५६ च्या कायद्याचा उल्लेख केला. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात असे होते की पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपेल, जणू ती मरण पावली आहे. आता हे बघा, की आपल्याकडे कितीतरी जातींत विधवेचा पाट लावण्याची, म्हणजे तिचे पुन्हा लग्न लावण्याची, रीत पूर्वापार होती आणि त्यात कोणाला पाप वाटत नव्हते. इंग्रजी न्यायालयांनी, त्यांत मुंबई उच्च न्यायालयही आले, हे कलम त्या जातींनाही लावले. म्हणजे ज्या बाईला कायद्याशिवायच पुनर्विवाहाची मोकळीक होती, तिच्या पायात सुधारणेच्या कायद्याने नवी बेडी पडली. शिवाय प्रतिष्ठा वाढली की वरच्या जातींच्या चालीरीती उचलायच्या, या ओढीने काही घरांत पाट बंदही झाले. प्रगती म्हणजे सगळा समाज एकाच पायरीने वर चढतो आहे असे जे चित्र आपण मनात धरतो, ते मला या कारणाने पटत नाही. एकाच कायद्याने एक बाई सुटते आणि दुसरी अडकते.

विधवेला संपत्तीत मर्यादित हक्क १९३७ मध्ये आणि पूर्ण मालकी १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मिळाली. माझ्या अनुभवात ज्या बाईचे नाव नवरा जिवंत असतानाच घराच्या आणि जमिनीच्या कागदावर लागलेले होते, तिच्याशी भावकी वेगळ्या आवाजात बोलत असे. मन बदलण्याची वाट बघत बसण्यापेक्षा आधी नाव लावून घ्या, असे मी प्रत्येकाला सांगतो.

दप्तरखाना यांचा प्रतिसाद

सातबारा यांचा आक्षेप मला मान्य आहे. त्याला जोडून एक आठवण देतो. १८९० साली कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिक बांधवांची सभा झाली आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही असा निर्धार त्यांनी केला. ज्यांच्या हाताखेरीज ती प्रथा चालू शकत नव्हती त्यांनी आपला हात काढून घेतला, आणि त्यासाठी पोटाचे उत्पन्नही पणाला लावले. शास्त्री पंडित वाद घालत होते तेव्हा रोज वस्तरा चालवणाऱ्याला त्या मुलीचे डोळे जवळून दिसत होते. कोणतीही रीत कोणाच्या तरी हातांनी चालते. ताईंनी वर जे सांगितले तेही हातांबद्दलच होते.

निळी शाई यांचा प्रतिसाद

ठराव निरुपयोगी असतात असा सूर येथे निघू नये, म्हणून थोडेसे लिहितो. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव १९२३ मध्ये मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तीन वर्षे त्या तळ्यावर एकही अस्पृश्य माणूस गेला नाही, कारण जाणाऱ्याचे काय होईल हे सर्वांना माहीत होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर लोकांना मारहाण झाली, तळ्याचे शुद्धीकरण झाले, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळ्याच्या हक्काचा खटला उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडले. ठराव नसता तर तळ्यावर जाणाऱ्यांच्या हाती आधार नसता. तळ्यावर कोणी गेले नसते तर ठराव कागदावरच राहिला असता. पुण्यात जानेवारी १९४३ मध्ये रानड्यांवर बोलताना बाबासाहेबांनी सांगितले होते की हक्कांचे रक्षण कायदा करत नाही, समाजाची सामाजिक आणि नैतिक सदसद्विवेकबुद्धी करते. हे वाक्य कायदे घडवणाऱ्या माणसाचे आहे, म्हणून मला ते अधिक मोलाचे वाटते.

पंचगंगाकाठ, आपल्या गावचा ठराव हा तळ्यापर्यंतचा रस्ता आहे. त्या दिवशी अंगणात कोणी पाण्याकडे गेले नाही, एवढेच घडले. पुढच्या वेळी कोण जाणार, हे आधी ठरवून ठेवावे लागेल, कारण ऐन वेळी ते सुचत नाही.

पंचगंगाकाठ यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण वाचून झाल्यावर काही करून मगच लिहावे असे ठरवले होते.

उंबरठा यांचे भावकीबद्दलचे म्हणणे आणि चीनमधल्या दुहेरी शपथेची गोष्ट मी चुलतभावाला सांगितली. आम्ही दोघांनी मिळून एक साधा कागद तयार केला. त्यात एवढेच लिहिले आहे की माझ्या मृत्यूनंतर माझ्या पत्नीचे कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या आणि जोडवी यांना तिच्या इच्छेशिवाय कोणीही हात लावू नये, आणि आमच्या भावकीत कोणत्याही घरी असे होऊ लागले तर मी तेथे उभा राहून हरकत घेईन. दुसरे वाक्य लिहायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला. सातबारा यांच्या सांगण्यावरून मी पत्नीचे नाव घराच्या उताऱ्यावर लावण्याचा अर्जही दिला आहे.

ताई, तुमची सूचना मी चुलतीला जशीच्या तशी वाचून दाखवली. हळदीकुंकवाला आत्यांना आधी बोलवा, हे ऐकल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, त्यांना बोलवायचे तर मीच जाऊन बोलावीन, तुम्ही पाठवलेल्या निरोपाला त्या येणार नाहीत. रथसप्तमीच्या आदल्या दिवशी ती गेली. तिघींपैकी दोघी आल्या. थोरल्या आत्यांनी तिच्या मनगटावरच्या काचेच्या खुणेवरून अंगठा फिरवला आणि हळद लावली. कुंकवाची कोयरी मात्र चुलतीने स्वतःच पुढे केली. तिसऱ्या आत्या आल्या नाहीत, आणि त्या का आल्या नाहीत हे तुमचे लिहिणे वाचल्यामुळे मला समजू शकते.

कागदावर आतापर्यंत भावकीतल्या अकरा जणांनी सह्या केल्या आहेत. दोन थोरल्या चुलत्यांनी नकार दिला. माझ्या वडिलांनी कागद पूर्ण वाचला, चष्मा काढून ठेवला, पेन मागून घेतले, आणि सही न करता कागद घडी घालून खिशात ठेवला. तो अजून त्यांच्या खिशातच आहे. आई त्या वेळी शेजारीच उभी होती.